गळाच्या साजाची बांधणी व टिकाऊपणा : काळाचौकी-शिवडी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
काळाचौकीची ओळख प्रामुख्याने गिरणगावातील कामगार वस्ती अशी आहे. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ यांची आवारे याच परिसरात आहेत. मात्र पूर्वेस थोड्याच अंतरावर शिवडीची खाडी आणि दक्षिणेस माझगावचा भाऊचा धक्का आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सूत आणि समुद्र यांचे हे शेजारपण केवळ भौगोलिक नाही. गिरणीत तुटलेला धागा सांधणारी विणकराची गाठ आणि कोळ्यांच्या पारंपरिक जाळ्यातील गाठ यांची रचना मुळात एकच आहे. याच गाठीच्या अनुषंगाने, गरवण्यासाठी घरी तयार केल्या जाणाऱ्या गळाच्या साजाच्या टिकाऊपणाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

साज व अग्रदोर :
मुख्य दोराच्या टोकाशी जोडलेला गळ, शिसे, फिरकी आणि त्यांना जोडणारे दोर यांच्या एकत्रित रचनेस येथे ‘साज’ म्हटले आहे. त्यातील गळालगतचा, अधिक जाड व झीज सोसणारा तुकडा म्हणजे ‘अग्रदोर’. त्याची आवश्यकता माशांच्या शरीररचनेतून निर्माण होते. वाम आणि सुरमई यांचे दात दोर कापतात, जिताड्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड पात्यासारखी असते, तर शिंगाळ्याचे दातेरी काटे दोर खरवडतात. त्यामुळे दोर बहुधा शेवटच्या हातभर अंतरातच निकामी होतो.

सामग्रीतील बदल :
पूर्वी कापूस व सण यांचे दोर वापरात होते. ते खाऱ्या पाण्यात कुजत, परंतु त्यांच्या खरबरीत तंतूंमुळे साधी गाठही घट्ट बसे. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केले आणि पुढे त्याचा एकतंतू दोर, म्हणजेच तंगूस, सर्वत्र रूढ झाला. तंगूस कुजत नाही, मात्र तो गुळगुळीत असल्याने त्यात विणकराची एकेरी गाठ सरकते. म्हणून नायलॉनच्या जाळ्यांत दुहेरी गाठ आली आणि गळासाठी अनेक वेढ्यांची गाठ आवश्यक ठरली. महागडा फ्लुरोकार्बन दोर पाण्यात कमी दिसतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, नायलॉनचा १.५३ आणि पाण्याचा १.३३ आहे. तथापि मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात या गुणाचा लाभ अल्पच होतो. येथे जाड तंगूस पुरेसा ठरतो.

बांधणी :
सुमारे ५० सेंटिमीटर अग्रदोर घेऊन त्याचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवावे. ते मूळ दोराभोवती पाच वेढे देऊन नेढ्याजवळच्या लहान फाशातून परत काढावे. दोर फार जाड असल्यास चार वेढे पुरतात. आवळण्यापूर्वी गाठ ओली करणे अत्यावश्यक आहे, कारण कोरडी गाठ आवळताना घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते. गाठ झटका न देता सावकाश आवळावी व टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे. दुसऱ्या टोकास फिरकी बांधल्यास दोरास पीळ पडत नाही.

दातेरी माशांसाठी पोलादी तार वापरली जाते. तारेस गाठ मारल्यास ती तीव्र बाकाशी मोडते. म्हणून तिची दोन्ही अंगे प्रथम परस्परांत चार-पाच वेळा सारखी पिळून नंतर टोकाचे जवळजवळ वेढे द्यावे लागतात.

टिकाऊपणाचे तत्त्व :
सर्वांत बळकट दोर म्हणजे सर्वांत टिकाऊ साज, ही समजूत अपुरी आहे. साज खडकात वा बुडालेल्या लाकडात अडकतोच. अशा वेळी तो कोठे तुटावा हे बांधतानाच ठरलेले असले पाहिजे. उदाहरणार्थ, मुख्य दोर १५ किलो व अग्रदोर २० किलो भार सोसणारा असल्यास शिसे ५ किलोच्या स्वतंत्र दोऱ्याने बांधावे. मग शिसे अडकल्यास तेवढेच गमावते, उरलेला साज हाती परत येतो. ओले नायलॉन सुमारे दहावा हिस्सा बळ गमावते, गाठ त्याहून अधिक घट घडवते आणि उन्हाने ते ठिसूळ होते, हे लक्षात घेऊन हा क्रम ठरवावा. साध्या ताणकाट्याने ही पडताळणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येते.

निष्कर्ष :
या क्रमाचे महत्त्व गरवणाऱ्याच्या खर्चापुरते मर्यादित नाही. कापसाचा तुटलेला दोर खाडीत कुजून जात असे, तंगूस मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. शिवडीच्या ज्या चिखलात रोहित पक्षी चरतात, तेथे असा दोर पायांत गुंतल्यास पक्ष्यास सुटका नसते. म्हणून साज किती काळ टिकतो याबरोबरच, तो तुटल्यावर पाण्यात किती उरतो, हाही टिकाऊपणाचा निकष मानणे आवश्यक आहे.