खरी लिंपेट : समुद्री गोगलगायींची एक निराळी शाखा

ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या लहान वाट्यांसारखी कवचे दगडाला घट्ट चिकटलेली दिसतात. ही लिंपेट होय. कवचाला शंखाप्रमाणे वेटोळे नसल्याने हा शिंपल्याचाच प्रकार असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती समुद्री गोगलगाय आहे. डिंभावस्थेत तिच्या शरीराला इतर गोगलगायींप्रमाणेच पीळ पडतो. प्रौढपणी कवच मात्र टोपीसारखे असते.

तथापि अशी टोपी धारण करणारी प्रत्येक गोगलगाय खरी लिंपेट नव्हे. लाटांच्या माऱ्यात तग धरण्यास हा आकार सोयीचा असल्यामुळे तो गोगलगायींच्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे निर्माण झाला. कोकणच्या खडकांवर सेलाना रेडिएटा ही खरी आणि सायफोनेरिया ही नकली, अशा दोन्ही लिंपेट आढळतात. दिसण्यात त्या सख्ख्या बहिणी वाटल्या तरी सायफोनेरिया हवेतूनही श्वास घेऊ शकते आणि तिचे नाते बागेतील गोगलगायींशी अधिक जवळचे आहे. खऱ्या लिंपेटांच्या गटाला डेव्हिड लिंडबर्ग यांनी १९८६ मध्ये पॅटेलोगॅस्ट्रोपोडा हे नाव दिले. इतर सर्व गोगलगायींपासून हीच शाखा प्रथम विलग झाली, असे पुढे मानले गेले. अलीकडील जनुकीय अभ्यास मात्र तिला ॲबलोनच्या गटाशेजारी बसवतात.

कानशीसारख्या जिभेने ती खडकावरील शेवाळ खरवडून खाते. जिभेवरील दातांत गोएथाइट हे लोहखनिज असते. तोवर तपासलेल्या नैसर्गिक पदार्थांत हे दात ताणास सर्वाधिक टिकणारे ठरले, असे २०१५ मध्ये ब्रिटिश संशोधकांना आढळले. चरून झाल्यावर अनेक जाती नेमक्या आपल्या जुन्या जागी परततात. कवचाची कड तेथील दगडाच्या उंचसखलपणाशी तंतोतंत जुळलेली असते.

या चरण्याचे मोल इंग्लंडला एका दुर्घटनेने कळले. मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले. तेल हटविण्यासाठी समुद्रात व किनाऱ्यावर मिळून सुमारे १०,००० टन प्रक्षालके वापरण्यात आली. तेलापेक्षा या उपायानेच अधिक लिंपेट मेल्या. चरणारे उरले नाहीत, तेव्हा खडक आधी हिरव्या शेवाळाने व नंतर तपकिरी समुद्रवनस्पतींनी झाकून गेले. प्रक्षालकांचा वापर टाळलेल्या ठिकाणी दोन-तीन वर्षांत पूर्वस्थिती आली. जेथे मुक्तहस्ते फवारणी झाली होती, तेथे दहा ते पंधरा वर्षे लागली.