बादलीही न भरणारा वायू

न्हाणीघरात टेप धरून बघा. मी आमचं मोजलं: पाच फूट बाय सात, आठ फुटांवर छत. 280 घनफूट, म्हणजे आठ हजार लिटर हवा! दोनशे लिटरची निळी पिंपं असतात ना, तशी चाळीस! आंघोळ करणाऱ्या माणसाला एवढी पुष्कळ झाली. स्वस्थ बसलेल्याला तर मिनिटाला सात-आठ लिटर पुरतात. पण भिंतीवर आणखी एक जण श्वास घेतोय: गॅस गीझर. पूर्ण आचेवर पेटलेला सहा लिटरचा गीझर मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा ओढतो. मिनिटाला एक पिंप! पंचवीस माणसं आत कोंबल्यासारखंच की!

आणि आपला 14.2 किलोचा लाल सिलिंडर? नीट जळून संपेपर्यंत तो साधारण 1,80,000 लिटर हवा पितो. दहा हजार लिटरचे अठरा टँकर! किंवा सोळा फूट रुंद, बत्तीस फूट खोल विहीर, काठोकाठ!

आता दार बंद, खिडकी बंद, थंडी वाजते म्हणून झडपांवर पुठ्ठा. चाळीस पिंपं, मिनिटाला एक. पण चाळिसावं मिनिट फार लांब राहिलं. त्याच्या कितीतरी आधी ज्योत गुदमरते, निळीची पिवळी होते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो. सिलिंडर गळला तर नाकाला कळतं, कारण त्यात वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास.

किती पुरतो हा? हवेच्या एकेका भागाला एक रुपया धरून दहा लाख रुपये समोर मांडा. त्यातले तीस रुपये उचलले की जागतिक आरोग्य संघटनेची तासाभराची मर्यादा संपली. आमच्या न्हाणीघरात तो भरतो पाव लिटर, पेलाभर! चारशे रुपये म्हणजे तीन तांबे. तास-दोन तासांत कपाळ ठणकायला लागतं. सोळाशे रुपये म्हणजे तेरा लिटर, एक बादली. वीस मिनिटांत डोकं दुखतं, मळमळतं. दोन तासांच्या आत माणूस जाऊ शकतो. बारा हजार आठशे म्हणजे आठ बादल्या. तीन मिनिटं! अंगावरचा साबणही धुऊन होत नाही तेवढ्यात.

कोळशाच्या शेगडीला तर जाळ नाही, फारसा धूर नाही, म्हणून लोक ती उशाशी घेऊन झोपतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. शंभर ग्रॅम कोळसा, दोन मुठी, अर्धवट जळला तर दोनशे लिटर वायू. दहा लाखांत सात हजार!

आता रक्तात उतरू. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू, प्रत्येकात ऑक्सिजनला बसायला चार जागा. 108 कोटी जागा! स्लीपरच्या डब्यात 72 बर्थ, वीस डब्यांच्या गाडीत 1,440. म्हणजे साडेसात लाख गाड्या! इंजिनासकट एकामागे एक लावल्या तर रांग जाते तीन लाख चाळीस हजार किलोमीटरच्या घरात. मुंबई-पुण्याचे 192 किलोमीटरचे रूळ सुमारे साडेसतराशे वेळा! चंद्र 3,84,000 किलोमीटरवर, रांग जवळजवळ तिथवर पोचली! आणि ही झाली एक पेशी. अंगात अशा वीस-पंचवीस लाख कोटी!

कार्बन मोनॉक्साइड या जागांना ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेत हजारात एक भाग असला आणि वेळ मिळाला, की अर्ध्या जागा त्याच्या. न्हाणीघरात हजारावा भाग म्हणजे आठ लिटर. बादलीही भरत नाही, आणि पेशीपेशीत पावणेचार लाख गाड्या अडवल्या!

माणसाला मोकळ्या हवेत आणलं तरी त्यांतल्या निम्म्या सुटायला चार-पाच तास लागतात. तेवढ्यात डेक्कन क्वीन मुंबईहून पुण्याला पोचते, उतरलेले लोक घरी जाऊन जेवतात. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर गाडीनं घाट चढायच्या सुमारासच निम्म्या जागा मोकळ्या!