तात्पुरत्या पायरीच्या बाजूने

स्वामित्वहक्क संपलेले जुने मराठी अंक ग्रंथालयांनी डिजिटल रूपात परस्परांना द्यावेत, असे म्हटले की ‘आधी परिपूर्ण प्रणाली तयार होऊ द्या’ हे उत्तर येते. मला ते पटत नाही. फाइलींच्या देवाणघेवाणीचा इतिहास वेगळेच सांगतो.

१९९९ मध्ये आलेल्या नॅप्स्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर होती, पण सूची कंपनीकडे. न्यायालयीन लढाईत जुलै २००१ मध्ये सेवा थांबली आणि सारे जाळेच निकामी झाले. त्याच काळातील मोजो नेशनची महत्त्वाकांक्षा मोठी होती: फाइलींचे तुकडे अनेक संगणकांवर विखुरलेले, आणि देणाऱ्याला मोबदला म्हणून ‘मोजो’ हे डिजिटल चलन.

तेथे काम केलेल्या ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट लिहिताना वजाबाकी केली. चलन नाही, शोध नाही, ओळख लपवण्याची सोय नाही. काम एकच, मोठी फाइल अनेकांपर्यंत पोचवणे. प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधीच नोंदलेला असतो, म्हणून अनोळख्याकडून आलेला तुकडाही पारखता येतो. चलनाऐवजी साधा व्यवहार: जो मला देतो, त्याला मी देतो. शिवाय ठरावीक काळाने एका नव्याला संधी. नाहीतर नवख्याकडे देण्यासारखे काही येणार कसे?

एक दुबळी जागा मात्र राहिली. कोण हजर आहे हे सांगणारा ‘ट्रॅकर’ मध्यवर्तीच होता. तो बंद पडला की नव्यांची वाट खुंटे. पण ट्रॅकर फाइल साठवत नसल्याने तो बदलणे शक्य होते. मायमुंकोव्ह आणि माझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेम्लिया रचनेच्या आधारे २००५ मध्ये ही यादीही सहभागी संगणकांत वाटली गेली. तोवर चार वर्षे लोकांचे काम अडले नव्हते.

म्हणून माझा प्रस्ताव असा: आज एक ठरलेली सूची, प्रत्येक अंकाचा ठसा आणि एक ट्रॅकर एवढ्यावर सुरुवात करावी. शोध आणि वर्गवारी नंतर. अटी दोन. तात्पुरता भाग उद्या सहज काढता येईल असा वेगळा ठेवावा. आणि प्रत्येक अंकाची पूर्ण प्रत किमान तीन ग्रंथालयांनी कायम उपलब्ध ठेवावी, कारण एखादा तुकडा कुणाकडेच नसेल तर ट्रॅकर असूनही अंक पूर्ण होत नाही. प्रणाली पुढेही सुधारता येईल. तुकडे पडलेले पान मात्र पुन्हा जुळवता येत नाही.