काटा सांगेल ते पडताळून

पावसाळी रात्री कल्याण-डोंबिवलीवरून मुंबई विमानतळाकडे वळणाऱ्या विमानाच्या वैमानिकास धावपट्टी दिसत नाही. जमिनीवरून येणारे दोन रेडिओ-संकेत त्यास वाट दाखवितात; एक दिशेचा, दुसरा साधारणतः ३ अंशांच्या उताराचा. परंतु खऱ्या उताराच्या वर खोटा संकेतही मिळू शकतो. म्हणून वैमानिक केवळ काट्यावर विसंबत नाहीत. अंतर व उंची यांचा मेळ घालतात. धावपट्टी १० सागरी मैलांवर असता विमान तिच्याहून सुमारे ३,००० फूट उंच हवे. उताराचा संकेत बंद असल्यास दिशेच्या संकेतावर, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या उंचीपर्यंतच खाली येता येते. तेथेही धावपट्टी न दिसल्यास विमान पुन्हा वर नेले जाते. प्रवासी धास्तावतात, पण धास्तीचे कारण नसते.

मेळ चुकल्यास काय होते, हे मुरबाडपुढे माळशेज घाटापलीकडील जुन्नरने पाहिले आहे. ७ जुलै १९६२ रोजी बँकॉकहून मुंबईस येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान रात्री तेथील डोंगरावर आदळून ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई जवळ आली अशा समजुतीने ते वेळेआधीच खाली आणले गेले होते. उपलब्ध रेडिओ-साधनांनी स्थानाची खातरजमा झालेली नव्हती.