पोट दिसेपर्यंत थांबू नका. बाळाची घडण त्याआधीच होते

नंदुरबार : धडगाव, अक्कलकुवा भागातून दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. दिवस गेलेल्या बाईची नोंद मग राहून जाते. 'पोट दिसू लागलं की बघू,' म्हणतात. तोवर आतलं मुख्य काम उरकलेलं असतं.

स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते गर्भाशयात नाही, बीजनलिकेत. आठवडाभरात गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो. चौथ्या आठवड्यात हृदय धडधडू लागतं. २८ दिवसांपर्यंत मेंदू अन् मज्जारज्जूची नळी मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात! नळी उघडी राहिली तर बाळाला जन्मजात व्यंग येतं. फॉलिक ॲसिडची गोळी त्यासाठीच. खरं तर ती दिवस जाण्याआधीपासून घ्यायला हवी. आठ आठवड्यांचा गर्भ तीनेक सेंटीमीटरचा, पण बहुतेक अवयव आकाराला आलेले.

त्यात आपल्याकडे सिकलसेल. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून रक्त लवकर तपासायचं.

पाळी चुकली की आशाताईला सांगा, १२ आठवड्यांच्या आत नोंद करा. मुकादमाची गाडी येण्याआधी माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत हवं. तिकडच्या दवाखान्यात तेच दाखवायचं.