कार्बन फायबरला भोक पाडलं तर ताकद किती जाते?

कार्बन फायबरच्या सायकलला बाटलीचा स्टँड लावायचाय, ड्रिल घरातच आहे. एवढंसं भोक पाडलं तर काय बिघडणार?

आपला हिशोब सरळ असतो: १०० मिलिमीटर रुंद पट्टीत १० मिलिमीटरचं भोक, म्हणजे ताकद १० टक्के कमी. इथेच चूक होते. पट्टी ओढली की भोकाच्या जागेचा भार दोन्ही कडांना वळतो आणि तिथे ताणाची गर्दी होते. जर्मनीच्या कीर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवलं, की मोठ्या पत्र्यातल्या लहान गोल भोकाच्या कडेला ताण ३ पट होतो.

स्टील यातून निभावतं. कडेचा धातू जरा ताणला जातो आणि भार शेजाऱ्यावर ढकलतो. कार्बनचा धागा असा ताणत नाही, थेट तुटतो. त्यातून सगळे धागे ओढीच्याच दिशेने असतील तर कडेचा ताण ६-७ पटींपर्यंत जातो, कारण बाजूच्या धाग्यांपर्यंत भार पोचवायला मध्ये फक्त मऊ रेझिन असतं. बोइंग ७८७ चा वजनाने जवळपास निम्मा सांगाडा अशा कॉम्पोझिटचा आहे आणि त्यालाही बोल्टसाठी भोकं लागतातच. म्हणून धाग्यांचे थर ०, ४५ आणि ९० अंशांत आलटून पालटून रचतात. मग ताण पुन्हा ३ पटींच्या आसपास येतो.

म्हणजे ताकद एक तृतीयांश उरते का? तेवढीही वाईट अवस्था नसते. तुटण्याआधी कडेला बारीक चिरा पडतात, थर किंचित सुटतात आणि ताणाची धार बोथट होते. थोडं नुकसानच मोठं नुकसान लांबवतं! लहान भोकाभोवती जास्त ताणाचा भाग अगदी अरुंद असतो, मोठ्या भोकाभोवती रुंद. त्यामुळे कडेला ताण तेवढाच पट वाढूनही मोठं भोक पट्टीला जास्त दुबळं करतं. व्हिटनी आणि न्यूस्मर यांनी १९७४ मध्ये यासाठी सोपी युक्ती मांडली: कडेवरचा ताण मोजू नका, कडेपासून थोड्या अंतरावरचा मोजा.

आता घरच्या ड्रिलकडे. ड्रिल पलीकडे बाहेर पडताना शेवटचा थर कापण्याऐवजी ढकलतं आणि तो आतून सुटतो. वरून भोक स्वच्छच दिसतं. कारखान्यात यासाठी मागे फळी घट्ट दाबून धरतात. सायकलच्या पोकळ नळीत ती घालणार कुठून? स्टँड पट्ट्याने बांधा.