वैयक्तिक वेबसाइटसाठी सर्व्हरची भाषा कशी निवडावी?

व्याख्यानाच्या आधी चहा पिताना एका विद्यार्थ्याने मला गाठलं आणि म्हणाला, "सर, मले माही स्वतःची वेबसाइट बनवायची हाये. पीएचपी शिकू का पायथॉन, का नोड? जो भेटते तो वेगळंच सांगते." आज याच प्रश्नावर बोलू.

आपल्याकडे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या बाजूला खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी असलं तरी ते खारं, पिकाला सहसा चालत नाही. त्यामुळे तिथला शेतकरी आधी जमीन-पाणी बघतो, मग बियाण्याचं ठरवतो. वेबसाइटचं आपण उलटं करतो. भाषा आधी ठरवतो, आणि ती कुठे चालणार, कोण सांभाळणार, हे नंतर.

याचा फटका मी स्वतः खाल्लेला आहे. माझे वडील अकोला जिल्ह्यात शिक्षक होते. त्यांनी वऱ्हाडी शब्द वहीत टिपून ठेवले होते. वावर, पऱ्हाटी, कुटार असे चौदाशेच्या आसपास शब्द, अर्थासकट. माझ्या भाच्याने हौसेने त्याची वेबसाइट केली, नोडमध्ये. छान झाली. पुढे त्याला बाहेरगावी नोकरी लागली. एक दिवस सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला, पण आमचा प्रोग्राम काही सुरू झाला नाही. तो कसा सुरू करायचा हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आठ महिने साइट बंद. वडील रोज विचारायचे, "काहून दिसत नाही?" मी काय सांगणार?

यात नोडचा दोष नाही. सर्व्हर सुरू होताच प्रोग्रामही आपोआप सुरू व्हावा, अशी सोय करता येते. आम्ही ती केली नव्हती. पण यामागचा फरक समजून घ्या.

पीएचपी म्हणजे रोजंदारीचा मजूर. कोणी पान मागितलं की सर्व्हर त्याला बोलावतो, तो पान तयार करून देतो आणि जातो. मेमरी मोकळी. पुढच्या मागणीला पुन्हा नवी सुरुवात. म्हणून स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर फाइल नेऊन ठेवली की काम चालू होतं. नोड म्हणजे सालदार. तो चोवीस तास दारी उभा असतो, त्यामुळे चॅटसारखी सतत जोडलेली कामं तो उत्तम करतो. पण त्याची सोय ठेवावी लागते. पडला तर उठवणारा कोणी लागतो. पायथॉनची वेबसाइटही सहसा अशीच चालवतात.

पीएचपीचा जन्मच मुळी वैयक्तिक पानासाठी झाला. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी काही छोटी साधनं लिहिली आणि १९९५ मध्ये ती सगळ्यांना खुली केली. तेव्हाचं नाव होतं पर्सनल होम पेज टूल्स. आज आपण वाचतो तो मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ती पीएचपीतच आहे, वर्डप्रेसही. पण म्हणून पीएचपी एकदा लिहिलं की झालं, असं नाही. २०१५ च्या डिसेंबरात पीएचपी ७ आली, तेव्हा डेटाबेसशी बोलणारी जुनी 'मायएसक्यूएल' फंक्शन्स काढून टाकली गेली आणि ती वापरणाऱ्या साइट्स बंद पडल्या. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. भाषा कोणतीही घ्या, वर्षा-दोन वर्षांनी डागडुजी आहेच.

आता आपल्या घरचा मुद्दा. आमच्या साइटवर 'वऱ्हाड' शोधलं की कधी सापडायचं, कधी नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे. मग आत बघितलं. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ, हलंत आणि ह. दुसऱ्यावर साधा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पहिल्या प्रकारात 'वऱ्हाड'मध्ये ६ युनिकोड चिन्हं आहेत, दुसऱ्यात ७. संगणकासाठी हे दोन वेगळे शब्द. आणि वऱ्हाडीत तर हे अक्षर पावलोपावली येतं: वऱ्हाड, पऱ्हाटी, करून ऱ्हायलो!

लांबी मोजतानाही भाषा वेगवेगळं उत्तर देतात. पीएचपीचं साधं फंक्शन बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून सहा चिन्हांच्या 'वऱ्हाड'ला ते १८ सांगतं. पायथॉन ३ आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात. आपण मात्र अक्षरं तीनच वाचतो: व, ऱ्हा, ड. त्या बाइटच्या हिशेबाने मजकूर कापला की शेवटचं अक्षर तुटून चौकोन दिसतो. पीएचपीत चिन्हं मोजणारी वेगळी फंक्शन्स आहेत, ती वापरायची. आणि शब्द साठवण्याआधी व शोधण्याआधी एकाच रूपात आणायचे. युनिकोडचं तयार नॉर्मलायझेशन तिन्हीकडे मिळतं, पण ते अदृश्य चिन्ह काढत नाही. 'र, हलंत, जोडचिन्ह' दिसलं की त्या जागी 'ऱ, हलंत' ठेवायचं, हा नियम आपला आपण लिहावा लागतो. भाषा कोणतीही असो, हे काम चुकत नाही.

शेवटी आम्ही काय केलं? आधी कागदावर लिहिलं की सर्व्हरला नेमकं काम काय आहे. चौदाशे शब्द दाखवायला आणि शोधायला सर्व्हरवर कोणतीच भाषा लागत नाही. साधी पानं, थोडी जावास्क्रिप्ट, शोध ब्राउझरमध्येच. सर्व्हर लागत होता एकाच गोष्टीला: वाचकाने पाठवलेला नवा शब्द उतरवून घ्यायला. तेवढ्यासाठी पीएचपीची शंभरेक ओळींची एक फाइल पुरली. पाठवलेला मजकूर तपासल्याशिवाय पानावर छापायचा नाही, आणि शब्दांची फाइल बाहेरून उघडता येणार नाही अशा जागी ठेवायची, एवढं पथ्य पाळलं. शब्द साध्या सीएसव्ही फाइलमध्ये आहेत, यूटीएफ-८ मध्ये. उद्या पीएचपी सोडावी लागली तरी शब्द आहेत तिथेच राहतील.

तर त्या विद्यार्थ्याला उत्तर. आधी बघ, सर्व्हरची भाषा लागते का. फक्त परिचय आणि लेख टाकायचे असतील तर नाही लागत. फॉर्म आहे, पैसे कमी आहेत, रोज लक्ष देता येणार नाही, तर पीएचपी घे. पायथॉन आधीच येत असेल, तर निव्वळ लोक म्हणतात म्हणून सोडू नकोस, फक्त होस्टिंग घेताना पायथॉन चालतं का ते विचारून घे. ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट शिकतोच आहेस आणि प्रोग्राम सतत चालू ठेवायची तयारी आहे, तर नोड. आणि बंद पडल्यावर साइट कशी सुरू करायची, हे मराठीत एका कागदावर लिहून घरच्या कोणाकडे तरी दे.

आमचा कागद वडिलांच्या वहीतच ठेवलाय. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.